पूजेतला पाना

१

बसा. त्या स्टुलावर नको हो, त्याचा एक पाय कधीचा गेलाय. इकडे बाकावर या, आणि तो फोन जरा पालथा ठेवा. एका लाल गाडीची गोष्ट सांगतो. गाडी गुणाची होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण थोड्या वेळाने तुम्ही तिलाच शिव्या घालाल. अख्ख्या भटवाडीने घातल्या. पण मध्ये उठायचं नाही. गोष्ट संपली की तुमच्याकडे माझं एक काम आहे.

तर दसरा होता. घाटकोपरची आमची भटवाडी डोंगराला टेकून बसलीय. वर जाताना छाती फुटते, खाली येताना गुडघे बोलतात. अगदी वरच्या टोकाला रत्नप्रभाचं गॅरेज. संध्याकाळची उन्हं कलली आणि त्या गॅरेजमधून निहारची गाडी बाहेर आली. टपालाची जुनी लाल गाडी. खात्याने मोडीत काढलेली, निहारने लिलावात उचललेली. पोरगा दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर बडवायचा आणि सुटला की या गाडीखाली जाऊन झोपायचा. टपालाच्या थैल्या असायच्या तिथे त्याने झोपायला फळी केली, बाजूला खिडकी कापली, छताला पंखा लावला. मनोरीला समुद्राच्या तोंडावर गाडी उभी करायची आणि मागचं दार उघडं टाकून लोळायचं, एवढंच त्याचं स्वप्न. त्यापायी लग्नाचा विषय काढला की घरातून पळायचा.

झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. निहारने किल्ली सर्वेशकडे फेकली.

"पहिला मान तुझा, भावा."

सर्वेश म्हणजे बालवाडीपासूनचा दोस्त. दोघांच्या आया त्यांना एकाच डब्यातून जेवू घालायच्या. "मालक, भाडं किती घेणार?" म्हणत सर्वेश चढला, मागच्या फळीवर आपट्याच्या पानांची टोपली ठेवली. खाली जाऊन सगळ्यांना सोनं वाटायचं होतं. निहार वर उभा राहून फोनवर व्हिडिओ काढत होता.

त्या व्हिडिओत सगळं दिसतं. गाडी उताराला लागते. मागचे दिवे लाल पेटतात, विझतात, पेटतात. निहारचा आवाज येतो, "अरे हळू, शहाण्या!" मग दिवे पेटत विझतच राहतात आणि गाडी काही थांबत नाही. मग हॉर्न. हॉर्न सुटतच नाही.

खाली वळणावर बाया-पोरं सोनं घेऊन उभी होती, डाव्या अंगाला. सर्वेशने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे मारलं. उजव्या अंगाला पाण्याच्या टाकीची दगडी भिंत. आणि ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसतो, ते तुम्हाला माहीत आहे.

निहार धावत खाली पोचला तेव्हा रस्ताभर आपट्याची पानं पडली होती, आणि गाडीच्या आत कोणी हलत नव्हतं.

२

सर्वेश गेला. खाली उभ्या पोरांपैकी एकालाही खरचटलं नाही.

लोकांनी दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. पोराने गाडीला नको ते उद्योग केले, ब्रेक स्वतः बदलला, मित्राचा जीव घेतला. पोलिसांचंही जवळपास तेच मत. निहारला विचारलं तर तो काय म्हणाला? म्हणाला, "ब्रेकचे पाइप मीच बसवले. मीच मारला त्याला." आता यावर कोणी काय बोलणार?

सर्वेशची आई त्याच्या दारावरून जायची आणि वर बघायची नाही. निहारने खाणं सोडलं. गॅरेजच्या बाहेर टायरच्या ढिगावर बसून तो त्या चेपलेल्या, वर ओढून आणलेल्या गाडीकडे बघत राहायचा. त्याचा बाप श्यामकांत मला म्हणाला, "पोराची नजर बघवत नाही हो. मला त्या डोंगराच्या कड्याची भीती वाटायला लागलीय."

अशात अस्मिता आली. चेंबूरची बाई, विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. केस बारीक कापलेले, शर्टाच्या खिशात जुना दात घासायचा ब्रश. त्याने ती गाडीचे भाग साफ करून बघते. बोलणं असं, की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी चोरलंय.

"मालक कोण?"

"मी," निहार म्हणाला. "लिहून टाका मॅडम. चूक माझीच आहे."

"तुला विचारलं का मी? बाजूला हो."

गाडीजवळ एक म्हातारा उभा होता. मधुकर. रिटायर होण्याआधी कित्येक वर्षं हीच गाडी त्याने चालवली होती. निहारने गाडी आणली तेव्हापासून तो रोज यायचा, तिला फडक्याने पुसायचा. निहारने कुठे रंग खरवडला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. खिशात नखं रंगवायची एक छोटी बाटली असायची, तिच्यात टपालाचा लाल रंग भरलेला. ओरखडा दिसला की झाकणाच्या ब्रशने लगेच टिपून घ्यायचा. गॅरेजचा मेकॅनिक नितेश त्याला चिडवायचा, "मामा, आज कुठल्या बोटाला?"

आज मात्र मधुकर हात जोडून म्हणाला, "मॅडम, कागद लवकर करा आणि ही भंगारात जाऊ द्या. पोराला रोज बघावं लागतं हो. अपशकुनी झाली आता."

"बघते," म्हणत अस्मिता गाडीखाली सरकली.

ब्रेकच्या मुख्य पंपाला दोन पाइप येतात. ते नटने आवळलेले असतात. दोन्ही नट ढिले होते. पार सुटलेले नव्हते. एवढेच ढिले, की पहिल्या काही वेळा ब्रेक लागावा, तेल झिरपत राहावं, आणि उतारावर पायाखाली काही उरू नये.

"निहार, हे तू आवळलेस?"

"हो."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. तेव्हापासून याच उतारावर चालवतोय मी. पण राहिले असतील ढिले. माझ्याच हाताने…"

"तोंड बंद ठेव जरा."

तिने ब्रशने नट घासला. कोपऱ्यात तेलात कालवलेला पिवळा गाळ बसला होता. गंज पिवळा नसतो. तिने तो बोटावर घेतला, नाकाशी नेला. मग दुसऱ्या नटावरचा घेतला. तोच वास.

तिचा स्वयंपाकाशी फारसा संबंध नव्हता, पण हा वास कुठल्याही मराठी घरात जन्मलेल्या माणसाला कळतो.

ब्रेकच्या नटाला हळद लागली होती.

३

रत्नप्रभाचा नवरा गेल्यावर गॅरेज बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. बाईने साडीचा पदर खोचला आणि चालवून दाखवलं. मालवणकडची. रागावली की मालवणी सुरू. अस्मिताने शटर उघडायला सांगितलं तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"सर्वेशचा दहावा होईसर मी शटर उघडूचंय नाय. पूजा तशीच आसा आत."

"वहिनी, ती पूजाच बघायचीय मला."

अस्मिताच्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक. रत्नप्रभाने शटर वर केलं.

आत पाटावर लाल कापड, कापडावर गॅरेजची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी, जॅक. वर सुकलेला झेंडू. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, ही या गॅरेजची रीत. सकाळी पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उचलायची. या वेळी उचललीच नव्हती.

"कशी करता पूजा?"

"कशी म्हणजे? एकेकाक कुंकवाचो ठिपको, मगे वरसून हळद-कुंकू, अक्षता, फुला. नवरो असतानापासून तसाच."

"नंतर?"

"नंतर कुंकवाचो करंडो घेऊन वर गेलंय. श्रीखंड-पुरी होती. शटर अर्धा खाली. सणाच्या दिवशी कुलूप घालणत नाय आम्ही."

अस्मिता कापडासमोर उकिडवी बसली. आता लक्षात घ्या. निहारने नट आवळले गणपतीच्या आधी. हळद पडली दसऱ्याच्या सकाळी. म्हणजे पूजा झाल्यावर आणि संध्याकाळी गाडी निघायच्या आधी, जगभरचे लोक श्रीखंड चाटत असताना, कोणीतरी या कापडावरचा पाना उचलला होता. निहारची चूक नव्हतीच. हा खून होता.

"आणि सांगा," ती हळू आवाजात म्हणाली, "किल्ली सर्वेशला मिळणार हे आधी कोणाला माहीत होतं?"

"कोणाकच नाय. निहारच चालवतलो होतो."

मागे उभ्या श्यामकांतच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. आत्ता त्या बापाला कळलं की मरायचं कोणाला होतं. आणि ज्याने हे केलं तो अजून याच गल्लीत फिरत होता.

४

अस्मिताने एकेकाला आत घेतलं. पोलीस स्टेशन नको, टेबल-खुर्ची नको. तेलकट बाकावर ती, समोर उलट्या डब्यावर तो.

पहिला नितेश. डोळे सुजलेले, पण ताठ.

"किल्ली त्याच्याकडे फेकली तेव्हा भांडलास म्हणे सर्वेशशी?"

"भांडलो. मग? अख्खा उन्हाळा निहारबरोबर मी गाडीखाली मेलो. आणि पहिला मान त्याला? तो जिममध्ये दंड फुगवत होता तेव्हा. वाईट वाटणार ना यार."

"एवढं वाईट?"

"मॅडम, मी मेकॅनिक आहे. माणसाला धडा शिकवायचा तर मी टायरची हवा सोडेन. ब्रेक नाही. ब्रेकशी आम्ही मस्करी करत नाही." त्याने बाहेरच्या गाडीकडे बोट केलं. "आणि किल्ली मला मिळाली असती तर मीच बसलो असतो ना आत."

दुसरा श्यामकांत. बँकेतून रिटायर झालेला, देवाधर्माच्या नावाने नाक मुरडणारा.

"तुम्ही म्हणाला होतात, हे डबडं एक दिवस डोंगरावरून ढकलून देईन."

"म्हणालो होतो. कोणता बाप म्हणणार नाही? मुली बघायला जायचं तर हा ग्रीसचे हात घेऊन यायचा." त्याने चष्मा काढला. "पण त्याच्यासकट नाही हो ढकलणार."

"तो दहा नंबरचा पाना द्या जरा."

श्यामकांतने बाकावरच्या सुट्या सामानात शोधाशोध केली आणि मोठ्या गंभीर चेहऱ्याने तिला पेचकस दिला. दारातून बघणारा नितेश एवढ्या दुःखातही खुदकन हसला.

"नाटक करत असाल तर झकास करता," अस्मिता म्हणाली आणि पेचकस ठेवून दिला.

तिसरा मधुकर. हात मांडीवर, पाठ सरळ, खात्याच्या गणवेशात बसल्यासारखा.

"दुपारी कुठे होतात मामा?"

"देवीला. सकाळी पूजेला इथे होतो, मग देवळात."

"गाडीवर फार जीव तुमचा."

"बायकोपेक्षा जास्त वेळ तिच्याबरोबर काढला. पाऊस असो, दंगल असो, थैल्या वेळेत पोचल्या. एक दिवस उशीर नाही."

"आणि आता भंगारात घाला म्हणता."

"माणूस खाल्ला तिने. ठेवून काय करायचं?" तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "कधी नेतील, मॅडम? या आठवड्यात जाईल ना?"

अस्मिता पुन्हा त्या लाल कापडाकडे वळली होती. दहा नंबरचा पाना, ब्रेकच्या नटाला बसणारा, पूजेत आपल्या जागी, ओळीत, ठिपक्यासकट पडला होता. हीच गोष्ट तिला खुपत होती. नट फिरवताना पाना मुठीत दाबून धरावा लागतो. मग दांड्यावरचं कुंकू पुसलं जायला हवं. हा ठिपका जसाच्या तसा कसा?

तिने बाजूच्या पान्यावर अंगठा घासला. अंगठा लाल झाला. पुढच्यावर घासला. पुन्हा लाल. हातोडी, पक्कड, सगळीकडचं कुंकू सहज निघत होतं.

मग तिने दहाच्या पान्यावरच्या ठिपक्यावर अंगठा घासला. पुन्हा घासला. नखाने खरवडलं.

ठिपका हलला नाही.

५

"वहिनी," तिने विचारलं, "दसऱ्याला हत्याराला हात नाही. पण एखादं गिऱ्हाईक अडलंच तर?"

रत्नप्रभाने शटरच्या मागून एक गोणी ओढून काढली. आत जुने, काळे, ठिपका नसलेले पाने.

"माझो नवरो ह्ये ठेवी बाजूक. म्हणा, रिक्षावाल्याचो सणाचो धंदो बुडूक नको. हे पूजेक लावणत नाय. दर वर्सा असतत."

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"माका, नितेशाक. निहाराक पण. गेल्या वर्सा त्येनाच यातलो पानो घेऊन कोणाचो तरी टायर बदललो."

अस्मिताने गोणीचं तोंड बांधलं आणि सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. भर दुपार होती, ऊन तावलेलं, तरी त्या चेपलेल्या गाडीच्या सावलीत उभं राहायला कोणी पुढे येईना. मधुकर सगळ्यात मागे.

"ऐका," ती म्हणाली. "ज्याने ब्रेक ढिला केला त्याने पूजेतला पाना वापरला. वापरल्यावर ठिपका पुसला गेला. करंडा तर वर घरात. म्हणून त्याने दुसरा ठिपका लावला, रंगाचा. आता मला सांगा, नितेश हे करेल? वहिनी करतील? निहार? त्यांना गोणी माहीत आहे. त्यांनी बिनपूजेचा पाना घेतला असता, काम केलं असतं, गोणीत टाकला असता. पूजेला हात लावला तो अशा माणसाने, ज्याने या गॅरेजमधला दसरा आधी कधी बघितलाच नव्हता."

सगळ्यांच्या माना श्यामकांतकडे वळल्या. बिचारा मागे सरकला.

"यांनीही नाही बघितला," अस्मिता म्हणाली. "पण यांना दहाचा पाना आणि पेचकस यातला फरक कळत नाही. ते सोंग असेल म्हणा. पण पूजेची टर उडवणाऱ्या माणसाच्या ठिपका पुसला गेल्याचं ध्यानातही आलं नसतं. ज्याने लावला त्याला ते हत्यार तसं उघडं ठेवून जाववलं नाही. त्याची भक्ती खरी होती. आणि रंग त्याच्या खिशातच होता."

खाली कुठेतरी प्रेशर कुकरची शिटी झाली.

"मामा," अस्मिता म्हणाली, "ती बाटली द्या बघू."

मधुकरने खिशावर हात दाबला. नितेशने पुढे होऊन त्याचा हात बाजूला केला, बाटली काढली. अस्मिताने झाकण उघडलं आणि त्या पान्याच्या दांड्यावर, जुन्या ठिपक्याशेजारी, ब्रश एकदा टेकवला. दोन ठिपके शेजारी शेजारी. तोच रंग, तोच आकार, एकाच कपाळावरचे असावेत तसे.

"पण मामा…" निहार पुढे आला. "मामा, तुम्ही? तुमचा तर जीव होता हिच्यावर."

"तेच मला पटत नव्हतं," अस्मिता म्हणाली. "ओरखडा सहन न होणारा माणूस भंगारवाल्याची घाई करतो? ज्याचा खरंच जीव असतो तो निदान नंबरप्लेट मागून घेतो, आठवण म्हणून. निहार, दसऱ्याच्या सकाळी तू काही बोलला होतास का गाडीबद्दल?"

निहार आठवत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला.

"रील टाकली होती मी. पूजेच्या वेळी सगळ्यांना दाखवली. डाव्या मडगार्डचा रंग थोडा खरवडला तर खालून निळा फराटा निघाला होता. या गाडीला निळा रंग कधी नव्हताच. मी म्हटलं, उद्या पूर्ण खरवडून बघू, मजा येईल."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. उजवी बाजू कागदासारखी चुरगळलेली. सर्वेशने पोरांना वाचवायला स्टिअरिंग उजवीकडे मारलं होतं. डावा मडगार्ड जसाच्या तसा होता.

"खरवड," अस्मिता म्हणाली.

निहारने रंग खरवडायची पत्री उचलली. लाल रंगाचा एक थर निघाला, दुसरा निघाला, तिसरा. खाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खळगे बुजवायचा लेप, भरलेली. लांबीच्या कडेला निळा रंग, लांब, पत्र्यात घुसलेला. आणि त्याखाली हाताने ठोकून पितळेने जोडलेला पत्र्याचा तुकडा, चोरून केलेल्या कामासारखा.

मधुकर जमिनीवर बसला.

६

"पहाट होती," तो म्हणाला. समोर बघत नव्हता. "सात-आठ वर्षं झाली असतील. सायनच्या पुढे, हायवेवर. माझा डोळा लागला. निळी स्कूटर होती. डोक्याला हेल्मेट होतं, बाई की बाप्या ते कळलं नाही."

"थांबलात?"

"थैल्या होत्या ना मागे."

"म्हणजे?"

"वेळेत पोचवायच्या होत्या. पोचवल्या." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग एका ओळखीच्याकडे मडगार्ड ठोकून घेतला. रंग मी स्वतः लावला. तेव्हापासून बाटली खिशात. जरा कुठे रंग उडाला की वाटायचं, आता दिसणार, आता दिसणार. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, गाडी मोडीत गेली, सुटलो. तर या पोराने लिलावात घेतली."

म्हणजे बघा. आम्ही सगळे म्हणायचो, काय माया आहे म्हाताऱ्याची गाडीवर! तो रोज यायचा तो पोराची पत्री कुठवर पोचली ते बघायला.

"निहार मेला असता तर गाडी भंगारात गेली असती," अस्मिता म्हणाली. "पत्रा वितळला असता. असंच ना?"

मधुकरने खिशातलं फडकं काढून हातात धरलं.

रत्नप्रभा पुढे आली. हातात तो पाना.

"माझ्या पूजेतलो पानो घेतलास तू. आणि वर परत ठिपको लावलास? कित्याक?"

"पूजेतलं हत्यार होतं वैनी," म्हातारा म्हणाला. "तसंच उघडं ठेवायला मन होईना."

"आणि पोरग्याक मारूक मन झाला तुझा?"

पोलीस येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला, आणि सवयीने, खरं सांगतो, हाताच्या फडक्याने गाडीचं चाक पुसत राहिला. नितेशने ते फडकं ओढून घेतलं.

जायच्या आधी अस्मिता टायरच्या ढिगापाशी गेली. निहार अजून तिथेच.

"नटावर पान्याच्या दोन खुणा आहेत," ती म्हणाली. "एक जुनी, आवळतानाची. खोल आहे. एक नवी, सोडतानाची. तू पक्का आवळला होतास. त्याला सोडवायला जोर लागलाय. कळलं?"

निहारने मान हलवली.

"तोंडाने बोल. एरवी तर मधमाशीसारखा गुणगुणतोस, मीच मारला, मीच मारला."

"मी पक्का आवळला होता," निहार म्हणाला. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. सर्वेशची आई जिना उतरून आली, त्याच्या शेजारी टायरवर बसली. डबा आणला होता तिने. एकच डबा, पूर्वीसारखा.

गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. निहारने हळूहळू उजवी बाजू ठोकून सरळ करायला घेतलीय, नितेश असतो मदतीला. लाल रंगच लावणार म्हणतो, सर्वेशने ती तशीच चालवली होती. पण डावा मडगार्ड त्याने काढून भिंतीवर टांगलाय, निळ्या फराट्यासकट. पोलिसांचं बघून झालं, तरी तो खाली उतरवत नाही. कारण त्या स्कूटरवर कोण होतं ते कोणालाच सापडलं नाही. मधुकरला ना तारीख आठवते, ना नेमकी जागा. पोलिसांनी जुनी दप्तरं चाळली, हाती काही लागलं नाही. मेलं की जगलं, तेही माहीत नाही.

आता ते काम. तुम्ही मुलुंडला राहता, तुमचे पाव्हणे बोरिवलीला, कोणी चेंबूरला, कोणी कुठे. घरी गेलात की विचारा. सात-आठ वर्षांमागे, पहाटेची वेळ, सायनच्या पुढचा हायवे, निळी स्कूटर, आणि ठोकून गेलेली गाडी कधी सापडलीच नाही, असं कोणाच्या घरात घडलंय का? घडलं असेल तर त्यांना एवढंच सांगा, की घाटकोपरला भटवाडीच्या वरच्या टोकाला रत्नप्रभाचं गॅरेज आहे, आणि तिथल्या भिंतीवर त्यांची एक वस्तू टांगलेली आहे. विचाराल ना?